आमरीला माती नको

मे महिन्याच्या शेवटी, वळवाचे दोन-चार पाऊस होऊन गेले की कोल्हापूरहून राधानगरीकडे किंवा गगनबावड्याकडे जाताना रस्त्याकडेच्या जुन्या आंब्यांकडे मान वर करून बघावं. नशीब असेल तर एखाद्या जाड फांदीच्या बेचक्यातून वीतभर लांबीचे, पांढऱ्या-जांभळ्या फुलांनी गच्च भरलेले घोस लोंबताना दिसतात. ही सीतेची वेणी, आपल्याकडची एक आमरी, म्हणजे ऑर्किड. आसामात तिला कपौ फूल म्हणतात. ते त्या राज्याचं राज्यफूल आहे आणि बिहू नाचणाऱ्या मुली ते अंबाड्यात माळतात. आपल्याकडे मात्र हीच वेणी एका शेतकऱ्याला शिडी लावून कोयत्यानं खरवडून काढताना मी पाहिलं आहे. मी थांबून विचारलं, तर म्हणाला, "बांडगूळ हाय ते. ठेवलं तर आंबा खाऊन टाकतंय बघा."

त्याचा आंब्यावर जीव होता, म्हणूनच तो शिडीवर चढला होता. पण चूक झाली होती, आणि ती चूक नीट समजली की आमरी घरी कशी वाढवायची याचं निम्मं उत्तर हाती येतं.

बांडगुळाचं बी चिकट असतं. पक्षी चोच फांदीला पुसतो तिथं ते रुजतं, त्याचं मूळ साल फोडून लाकडात शिरतं आणि झाडाच्या वाहिन्यांतून पाणी ओढून घेतं. दोन्ही लाकडं जिथं एक होतात तिथं गाठ दिसते. आमरीचं तसं नाही. तिची मुळं सालीवरून पसरतात, सालीला घट्ट धरतात, पण आत शिरत नाहीत. सालीवरून ओघळणारं पावसाचं पाणी, सकाळचं दव, बेचक्यात कुजलेला पालापाचोळा, धूळ, पाखरांची विष्ठा, एवढ्यावर तिचा संसार चालतो. वनस्पतिशास्त्रात अशा झाडांना अपिवनस्पती म्हणतात. आपल्या घाटात सापडणाऱ्या आमरींच्या एका प्रजातीचं नाव 'एरिडीस' आहे आणि त्या नावाच्या मुळाशी 'हवा' हाच शब्द आहे. दुसरीचं नाव 'वँडा'. ते संस्कृतातल्या 'वंदा' या शब्दावरून आलं. झाडावर उगवणारी कुठलीही वनस्पती, मग ती रस शोषणारी असो वा नसो, वंदाच म्हटली जायची. म्हणजे त्या शेतकऱ्याचा गोंधळ फार जुना आहे.

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. आमरी लावणारा नवा माणूस सर्वांत आधी कुंडीत माती भरतो. मीही भरली होती. आपली कसदार काळी माती, त्यात कुजलेलं शेणखत, रोज सकाळी तांब्याभर पाणी. तीन आठवड्यांत बुडाची पानं पिवळी पडली. कुंडी उपडी केली तर एकही मूळ जिवंत नव्हतं. बोटांनी ओढल्यावर मुळाचं साल निघून आलं आणि आत दोऱ्यासारखा गाभा तेवढा राहिला. झाड उपाशी मेलं नव्हतं, गुदमरून मेलं होतं.

असं का होतं हे बघायचं असेल तर कुठल्याही आमरीचं लोंबणारं मूळ हातात धरा. कोरडं असताना ते चंदेरी पांढरं दिसतं. त्यावर पाण्याचा हबका मारा. दोन-चार मिनिटांत ते हिरवं होतं. मुळाच्या बाहेरून मेलेल्या, पोकळ पेशींचा एक स्पंजासारखा थर असतो. कोरड्या पेशींत हवा असते म्हणून तो पांढरा दिसतो. पाणी भरलं की तो पारदर्शक होतो आणि आतला हिरवा गाभा दिसू लागतो. हा स्पंज पाऊस झटक्यात पिऊन घेतो आणि आतल्या मुळाला सावकाश पाजतो. पण दोन पावसांच्या मध्ये तो वाऱ्यानं सुकायलाच हवा, कारण मुळाला श्वास घ्यायचा असतो. घाटात फांदीवर हे आपोआप होतं. मातीत ते कधीच होत नाही.

पाणी कधी घालायचं याचं मापही इथंच आहे. मूळ पांढरं असेल तर पाणी द्या, हिरवं असेल तर हात आवरा. तपकिरी आणि लिबलिबीत असेल तर ते कापून टाका. कुठलंही वेळापत्रक याहून खरं नाही.

कोल्हापूरची हवा या कामाला चांगली आहे, फक्त ती ओळखून घ्यायला हवी. शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पन्नास-पंचावन्न किलोमीटर पश्चिमेला गगनबावड्यात तोच पाच हजारांच्या पुढे जातो. सह्याद्रीतल्या आमरींचं वर्ष या पावसावर बांधलेलं असतं. जून ते सप्टेंबर वाढायचं, ऑक्टोबरात खोड भरून घ्यायचं, हिवाळ्यात थांबायचं, उन्हाळ्यात फुलायचं. आपल्या शहरातलं वर्षही याच क्रमानं जातं. हिवाळ्यात रात्री चौदा-पंधरा अंशांपर्यंत थंड होतात, पावसाळ्यात हवा ओली असते. अडचण आहे ती मार्च ते मे या दिवसांतल्या दुपारची. पारा अडतीसच्या घरात जातो आणि हवा कोरडी होते. त्यावर महागड्या यंत्राची गरज नाही. झाडं एकत्र टांगा, खाली पाणी भरलेल्या ताटात खडी पसरा किंवा ओलं गोणपाट अंथरा, दुपारी गॅलरीच्या फरशीवर बादलीभर पाणी मारा. वर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बांधली की बराच भाग निभावतो.

सुरुवात कुठल्या झाडापासून करावी? माझं उत्तर ठाम आहे, संकरित डेंड्रोबियमपासून. लग्नाच्या स्टेजवर जांभळी-पांढरी फुलं दिसतात ती बहुतेक 'सोनिया' नावाच्या डेंड्रोबियमची. ते काटक असतं, आपल्या उन्हाळ्यात टिकतं आणि चुका पोटात घालतं. दुसरं फॅलेनॉप्सिस. आग्नेय आशियातल्या सावलीच्या जंगलांतलं हे झाड रुंद जाड पानांचं असतं आणि त्याची फुलं दोन-तीन महिने राहतात. त्याला ऊन सोसत नाही, पण घरात खिडकीपाशी ते सुखानं राहतं. तिसरा वँडा. त्याला भरपूर प्रकाश आणि रोज पाणी लागतं, म्हणून तो पहिल्या वर्षी घेऊ नये. यांच्यावर हात बसला की मग आपल्या मातीतल्या, खरं तर आपल्या झाडांवरच्या आमरींकडे वळावं. सीतेची वेणी, वैद्यांना रास्ना म्हणून माहीत असलेला आणि गोड वासाचा देशी वँडा, पांढऱ्या फुलांचं डेंड्रोबियम बार्बॅट्युलम, गुलाबी ठिपक्यांचं एरिडीस मॅक्युलोसम. कासच्या पठारावर फुलणाऱ्या हॅबेनारिया घरी आणण्याचा विचारही करू नका. त्या जमिनीतल्या आमरी आहेत. वर्षातले बरेच महिने त्यांचा कंद मातीत निजलेला असतो, आणि पठारावरून हलवलेला कंद सहसा पुन्हा उठत नाही.

झाड आणल्यावर ते वाढतं कसं ते आधी बघा. डेंड्रोबियम आडवं सरकत जातं. दरवर्षी जुन्या खोडाशेजारी नवं खोड येतं. जुन्या खोडांची पानं गळतात, ती सुरकुततात, आणि लोक ती वाळली समजून कापतात. ती कापू नयेत. ती झाडाची कोठारं आहेत, नवा कोंब त्यातलंच खाऊन उभा राहतो. शिवाय डेंड्रोबियमला सरकायला जागा लागते, म्हणून त्याची जुनी बाजू कुंडीच्या काठाला टेकवून नवी बाजू मोकळ्या जागेकडे ठेवायची. वँडा, सीतेची वेणी आणि फॅलेनॉप्सिस यांचं खोड एकच, ते शेंड्यातूनच वाढतं. शेंड्यात पाणी साचून तो कुजला की बहुतेक वेळा झाड गेलंच. म्हणून फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या मधोमध पाणी राहिलं तर ते कापसानं टिपून घ्यावं.

कुंडी मातीची घ्या, पण तिला तळाबरोबर अंगालाही भोकं हवीत. कुंभाराला आधी सांगून ठेवलं तर तो भाजण्यापूर्वीच पाडून देतो. बापट कॅम्पात किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत विचारून बघावं. आत भरायला लोणारी कोळसा, भाजक्या विटेचे तुकडे आणि नारळाचं सोडण पुरतं. सोडणाचे इंचभर तुकडे करून तीन दिवस पाण्यात भिजवा आणि रोज पाणी बदला. पहिल्या दिवशी चहासारखं लाल पाणी निघतं. त्यातला तुरटपणा आणि खार मुळांना सोसत नाही. शहरातल्या कोरड्या गच्चीवर मी दोन भाग कोळसा, एक भाग वीट आणि एक भाग सोडण घेतो. पन्हाळा किंवा गगनबावड्यासारख्या ओल्या हवेत सोडण वगळलेलंच बरं. नव्या झाडाला काडीचा आधार बांधा. झाड हललं की मुळाची कोवळी हिरवी टोकं घासून तुटतात आणि तुटलेलं टोक पुढं वाढत नाही. नव्या आमरी मरतात त्यात या हलण्याचा वाटा मोठा असतो, आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही.

देशी आमरीला मात्र कुंडी हवीच कशाला? आंब्याच्या किंवा जांभळाच्या वाळक्या, सालीसकट असलेल्या फांदीच्या तुकड्यावर ती बांधावी. अंगणात आंबा किंवा चिकू असेल तर थेट त्यावरच. पेरू आणि निलगिरी नको, त्यांची साल सुटते आणि आमरीही तिच्याबरोबर खाली येते. बांधायला जुन्या सुती लुगड्याची पट्टी उत्तम. वर्षभरात ती कुजून जाते आणि तोवर मुळांनी साल धरलेली असते. तांब्याची तार वापरू नका, तांबं आमरीला विषारी असतं. बांधायची वेळ मेच्या अखेरीस ते जूनच्या मध्यापर्यंत, मुळांची टोकं हिरवी दिसू लागली की. तेव्हा नवी मुळं पंधरा-वीस दिवसांत साल पकडायला लागतात. हिवाळ्यात बांधलेलं झाड पावसाळ्यापर्यंत नुसतं लटकत राहतं.

पाणी सकाळी द्यावं. जाड पानांच्या बऱ्याच आमरी दिवसा पानांवरची छिद्रं मिटून घेतात आणि हवा रात्री आत घेतात. त्यामुळे उन्हातही पाणी फारसं जात नाही. पण संध्याकाळी भिजवलेलं झाड रात्रभर ओलं राहिलं की बुरशीला मोकळं रान मिळतं. बोअरचं पाणी असेल तर मुळांवर आणि कोळशावर पांढरा थर धरतो. तो दिसू लागला की पावसाचं साठवलेलं पाणी वापरा. पागोळीखाली पिंप लावलं तर दोन-तीन डझन झाडांपुरतं पाणी सहज जमा होतं.

प्रकाश जोखायला हात पुरतो. भर दुपारी पानांच्या फूटभर वर तळहात धरा. सावली रेखीव पडली तर तो प्रकाश वँड्याला योग्य, फॅलेनॉप्सिसला जास्त. कडा पुसट असतील तर फॅलेनॉप्सिस तिथं ठेवा. डेंड्रोबियमला दोहोंच्या मधला. पुढचं पानं सांगतात. गर्द हिरवी, लुसलुशीत पानं बघायला छान वाटतात, पण ती प्रकाश कमी पडल्याची खूण आहे आणि अशा झाडाला फूल येत नाही. पोपटी झाक योग्य. लालसर डाग उठले तर ऊन जास्त झालं. पूर्वेची गॅलरी मिळाली तर दुसरं काही बघू नका.

खताबद्दल आपल्या ऊसपट्ट्यात वेगळं सांगायला नको. ठिबकातून सोडायचं एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे विद्राव्य खत गावोगावी मिळतं. फक्त माप उसाचं वापरू नका. लिटरला अर्धा ग्रॅम, तेही आधी साध्या पाण्यानं मुळं भिजवून, आठवड्यातून एकदा, जून ते ऑक्टोबर. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यानं कुंडी धुवून काढा, म्हणजे साचलेले क्षार निघून जातात. आमरी गरिबीत वाढलेलं झाड आहे. जास्त खतानं तिच्या मुळांची टोकं काळी पडतात.

आता सर्वांत अवघड गोष्ट, काही न करण्याची. डेंड्रोबियम बार्बॅट्युलम आपल्या घाटात दिवाळीनंतर पानं गाळायला लागतं. जानेवारीत फांदीवर नुसती पिवळसर, सुरकुतलेली कांडी उरतात. मेलं म्हणून कुणीही टाकून देईल. पण या दिवसांत झाडाला पाणी दिलं तर ते फसतं. त्याला वाटतं वाढीचा हंगाम आला, आणि जिथं फुलांचे कळे यायचे त्या डोळ्यांतून पिल्लं फुटतात. डिसेंबर-जानेवारीत पाणी थांबवा, फार तर दहा-बारा दिवसांनी पहाटे दवाइतकी फवारणी करा, झाड उजेडात आणि थंडीत राहू द्या. मग फेब्रुवारी-मार्चात त्या उघड्या कांड्यांवर पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. पान एकही नसतं, नुसती फुलं. ती बघितल्यावर ते दोन महिने हात आवरल्याचं सार्थक होतं. हा उपास सगळ्यांना लावू नका मात्र. 'सोनिया'सारख्या संकरित डेंड्रोबियमला अशी कडक विश्रांती नको, त्याला हिवाळ्यात पाणी कमी करा, बंद करू नका. वँडा आणि फॅलेनॉप्सिसला तर पाणी साठवणारं फुगीर खोड नाही, ते कोरडे ठेवले तर वाळतील.

फॅलेनॉप्सिसचं फूल थंड रात्रींवर अवलंबून असतं. काही आठवडे रात्री पंचवीस अंशांच्या खाली राहिल्या की पानाच्या बगलेतून दांडा निघतो. आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारी हे अनायासे होतं. अट एकच, झाड बंद खोलीत न ठेवता खिडकीपाशी ठेवायचं.

पावसाळा आमरीला मानवतो, पण जुलैत पंधरा-पंधरा दिवस झड लागते तेव्हा कुंडीतली झाडं वळचणीला घ्यावीत. त्या दिवसांत रात्री विजेरी घेऊन एक फेरी मारायची आणि गोगलगायी वेचायच्या. एका रात्रीत त्या सगळी कोवळी टोकं आणि कळे खाऊन टाकतात. कुजलेला भाग दिसला तर निरोगी भागापर्यंत कापून जखमेवर दालचिनीची पूड लावा. पातं प्रत्येक झाडाआधी ज्योतीवर धरा, कारण आमरीचे विषाणू कात्रीवरून पसरतात आणि त्यांना औषध नाही. पिठ्या ढेकूण पानाच्या बगलेत लपतात. थोडे असतील तर ओल्या कापसानं पुसून काढता येतात.

फूल उमलण्याआधीचे आठ दिवस कळीवर लक्ष ठेवा. बहुतेक आमरींची कळी उमलता उमलता देठासकट अर्धा वेढा घेते, म्हणजे वरची बाजू खाली येते. तीन पाकळ्यांपैकी एक निराळी असते, तिला ओठ म्हणतात. या वेढ्यामुळे तो ओठ खाली येतो आणि कीटकाला उतरायला ओटा मिळतो. परागीभवन झालं तर शेंग धरते आणि तिच्यात धुळीइतक्या बारीक बिया लाखांनी असतात. त्या बियांत शिदोरी मात्र नसते. रुजायला त्यांना विशिष्ट बुरशीची मदत लागते. हे १८९९ मध्ये नोएल बर्नार यांनी फ्रान्समध्ये शोधून काढलं. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस क्नुडसन यांनी बुरशीऐवजी साखर घातलेल्या अगारावर बी रुजवून दाखवलं. आज बाटलीतली रोपं मिळतात ती या वाटेनं. बी ते पहिलं फूल यात चार ते सात वर्षं सहज जातात. जंगलात लाखो बियांतून एखादीच तिथवर पोचते.

म्हणून घाटरस्त्यावर कुणी पोत्यात भरून आमरी विकत असेल तर घेऊ नका. जंगलातून ओरबाडलेलं झाड ओळखता येतं. मुळं तुटलेली, सालीचे तुकडे आणि दगडफूल चिकटलेलं, पानं फाटकी, कुठलीही दोन झाडं सारखी नाहीत. रोपवाटिकेतली रोपं एका वयाची, स्वच्छ मुळांची, नावाची पट्टी लावलेली असतात. बिल मागा. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. तिथून पडलेली फांदीही उचलायची नसते. जंगलात दिसलेली आमरी ओळखायची असेल तर फोटो घ्या आणि शिवाजी विद्यापीठानं २००२ मध्ये प्रसिद्ध केलेलं यादव आणि सरदेसाई यांचं कोल्हापूर जिल्ह्यातल्या वनस्पतींवरचं पुस्तक बघा.

त्या दिवशी त्या शेतकऱ्याला मी फांदीजवळ नेलं. खरवडलेल्या जागी साल शाबूत होती, कुठं गाठ नव्हती, छिद्र नव्हतं. त्यानं बोट फिरवून बघितलं आणि खाली पडलेल्या वेण्या उचलून पुन्हा बेचक्यात ठेवल्या. आम्ही दोघांनी मिळून त्याच्या डोक्याच्या टॉवेलाच्या पट्ट्या फाडून त्या बांधल्या. जूनच्या तोंडावर बांधलेली आमरी धरते, त्यातल्या दोन धरल्या.

आपल्या गल्लीतलं, बांधावरचं, रुंद होणाऱ्या रस्त्याकडेचं एखादं जुनं झाड पडणार असेल तर करवत लागण्याआधी एकदा वर बघा. हिरव्या पट्ट्यांसारखी पानं आणि पांढरी मुळं दिसली तर मालकाची किंवा संबंधित खात्याची परवानगी घेऊन, सालीसकट ती उतरवा आणि पहिल्या पावसाआधी शेजारच्या आंब्याला बांधा.